लष्करी शोध, खासगी कारखाने आणि बागाईतदाराचा वाटा

शेतमाल टिकविण्याच्या ज्या रीती आज सर्वत्र रूढ आहेत, त्यांतील कित्येकांचा जन्म सैन्याच्या गरजेंतून झाला आहे. हवाबंद बाटली व डबा, शिजवून पिशवींत बंद केलेलें अन्न, गोठविलेला दाट रस, हीं सर्व त्याचीं उदाहरणें होत. कारण उघड आहे. घरीं जेवणाऱ्या माणसास ताजें अन्न मिळूं शकतें. मुलखापासून शेंकडों कोस दूर गेलेल्या शिपायास तें मिळत नाहीं, आणि त्याचें पोट भरल्याशिवाय मोहीम चालत नाहीं. म्हणून अन्न टिकविण्याच्या शोधांवर जो पैसा बाजारानें एकट्यानें कधीं लावला नसता, तो सरकारांनीं सैन्यासाठीं लावला.

असा शोध पुढें खासगी कारखानदारांच्या हातीं जातो व त्यांतून मोठा उद्योग उभा राहतो. हें इष्टच आहे, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. आम्ही आमच्या वाचकांपुढें जो प्रश्न मांडूं इच्छितों, तो याच्या पुढचा आहे. शोधाची ही देवघेव चालू असतां, ज्याच्या बागेंतील माल त्या डब्यांत किंवा पिशवींत जावयाचा, तो बागाईतदार कोठें असतो? भागीदार म्हणून कारखान्याच्या आंत, कीं माल उतरवून पावती घेणारा म्हणून फाटकाबाहेर? या प्रश्नाचें उत्तर देशोदेशीं निरनिराळें आलें आहे, आणि तें कां निरनिराळें आलें हें समजून घेण्यासारखें आहे.

डबाबंदीचा उगम

पॅरिस शहरांतील निकोला आपेर हा व्यवसायानें हलवाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यानें एक रीत बसविली. ताजे वाटाणे, शेंगा, फळें किंवा मांस जाड काचेच्या बाटलींत भरावें, बूच घट्ट बसवून तारेनें आवळावें आणि ती बाटली उकळत्या पाण्यांत पुरेसा वेळ ठेवावी, एवढीच ती रीत. तेवढ्यानें आंतील पदार्थ महिनेच्या महिने नासत नसे. तो कां नासत नाहीं, हें आपेरलाही ठाऊक नव्हतें. सूक्ष्म जंतूंचें कार्य लुई पाश्चरनें उलगडून दाखविलें तें त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं. परंतु रीत खरी होती. आपेरनें मासी या गांवीं कारखाना काढला व त्याच्याभोंवतीं स्वतःच वाटाणा व शेंगा पिकविल्या; कारण तोडलेल्या वाटाण्याची गोडी तासांच्या हिशेबानें उतरते, हें त्यास पक्कें कळलें होतें. फ्रान्सच्या आरमारानें त्याच्या बाटल्या पारखून पाहिल्या व त्या कसोटीस उतरल्या.

१८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्यास १२,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें. पण त्यास एक अट जोडली. आपेरनें आपली रीत सविस्तर लिहून स्वखर्चानें छापावी आणि पुस्तकाच्या २०० प्रती सरकारास द्याव्या. म्हणजे सरकारनें पैसे मोजले ते शोध कुलुपांत ठेवण्यासाठीं नव्हे, तर कोणाही उद्योगी माणसास तो उपयोगांत आणतां यावा म्हणून. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्यूरँड यानें अशाच रीतीचें पेटंट घेतलें व त्यांत कल्हईच्या पत्र्याच्या डब्यांचाही समावेश केला. ब्रायन डॉन्किन या यंत्रज्ञानें व त्याच्या भागीदारांनीं तें पेटंट १,००० पौंडांस विकत घेतलें, आणि १८१३ पासून लंडनच्या बर्मंडसी भागांतील त्यांच्या कारखान्यांतून ब्रिटिश आरमारास डबे जाऊं लागले. इकडे आपेरचा मासीचा कारखाना नेपोलियनच्या पाडावाच्या वेळीं परकीय सैन्यानें उद्ध्वस्त केला, आणि १८४१ सालीं तो दारिद्र्यांत वारला. शोध लावणारा एक, आणि भांडवल, यंत्र व ठराविक गिऱ्हाईक यांची सांगड घालून त्याचा लाभ उठविणारा दुसरा, हा प्रकार तेव्हांपासूनचा आहे.

ही हकीकत आपल्यापासून फार दूरची नाहीं. रत्नागिरी व देवगड भागांत जो हापूस आकारानें लहान किंवा सालीवर डाग पडलेला म्हणून पेटींत बसत नाहीं, त्यास 'कॅनिंगचा आंबा' म्हणतात व तो किलोच्या भावानें कारखान्यांकडे जातो. तोच आंबा गर होऊन डब्यांत बसला म्हणजे वर्षभर टिकतो व समुद्रापार जातो. परंतु डब्याचा भाव ठरतेवेळीं झाडाचा धनी तेथें नसतो. त्याचा व्यवहार गाडी रिकामी झाली तेव्हांच संपलेला असतो.

फ्लॉरिडाच्या बागाईतदारांनीं काय केलें

आतां दुसऱ्या प्रकारचें उदाहरण पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेस दूरदेशीं असलेल्या आपल्या शिपायांना क जीवनसत्त्व पुरवावयाचें होतें. शिवाय ब्रिटनमधील लहान मुलांसाठींही संत्र्याचा दाट रस पाठवावयाचा होता. रस पाण्यासकट पाठवावा तर जहाजांतील मोलाची जागा पाण्यानें अडे. आटवून पाठवावा तर उष्णतेनें त्याची चव व वास दोन्ही जात.

फ्लॉरिडा हा अमेरिकेंतील संत्र्यांचा मोठा प्रांत. तेथील तीन शास्त्रज्ञांनीं, म्हणजे एल. जी. मॅकडोवेल, एडविन मूर व सी. डी. अॅटकिन्स यांनीं, या अडचणीवर साधा तोडगा काढला. निर्वात पात्रांत पाणी कमी उष्णतेवर उकळतें. अशा पात्रांत त्यांनीं रस हवा त्याहून अधिक दाट केला, मग त्यांत थोडा ताजा रस मिसळून दाटपणा बेताचा केला, आणि लगेच तो गोठविला. आटवितांना उडून गेलेला वास ताज्या रसाबरोबर परत आला. या रीतीचें पेटंट १९४८ सालीं मिळालें. पण तें कोणा एका कारखान्याच्या नांवें न होतां अमेरिकन सरकारच्या स्वाधीन झालें व रीत सर्वांस खुली राहिली.

याच सुमारास बोस्टन येथील नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशन या कंपनीस अमेरिकन सैन्यानें पांच लक्ष पौंड संत्र्याची भुकटी करण्याचें काम दिलें होतें. रक्तद्रव व पेनिसिलिन सुकविण्यासाठीं युद्धकाळांत निर्वात यंत्रांचें जें ज्ञान तयार झालें होतें, तेंच येथें लावावयाचें होतें. परंतु १९४५ सालीं युद्ध संपलें व मागणी रद्द झाली. तेव्हां कंपनीनें भुकटी सोडून गोठविलेला दाट रस घरगुती गिऱ्हाइकांस विकण्याचें ठरविलें. 'मिनिट मेड' हें नांव त्यांतूनच पुढें आलें. १९४५-४६ च्या हंगामांत फ्लॉरिडांत अशा रसाचें उत्पादन सव्वादोन लक्ष गॅलनांच्या आसपास होतें. पांच वर्षांच्या आंत तें कोट्यवधि गॅलनांवर गेलें.

येथवर गोष्ट कारखानदारांची झाली. पण आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावयाचा मुद्दा निराळाच आहे. वरील तीन शास्त्रज्ञ काम करीत ते फ्लॉरिडा सिट्रस कमिशनतर्फे, आणि तें कमिशन १९३५ सालच्या कायद्यानें स्थापन होऊन फळांच्या पेटीमागें बसविलेल्या करावर चालत असे. युद्धाची गरज उभी राहिली तेव्हां बागाईतदारांच्या पैशानें पोसलेलीं माणसें सरकारी शेती खात्याच्या प्रयोगशाळेंत आधींपासूनच कामास लागलेलीं होतीं. म्हणून शोध लागला तो त्यांच्या फळासाठीं, आणि तो खुला राहिला. लेक वेल्स येथील बागाईतदारांच्या सहकारी संस्थेसही तो वापरून आपल्याच सभासदांच्या संत्र्यांचा रस गोठवितां आला. आपेरच्या गोष्टींत शेतकरी कोठेंच नव्हता; येथें तो शोध लागण्याच्या आधींच दारांत उभा होता.

आमच्याकडेही नागपूरच्या संत्रा बागाईतदारांनीं संघ करून फळप्रक्रियेचा उद्योग मांडला होता. 'नोगा' हें नांव त्या संघाच्या इंग्रजी नांवांतील आद्याक्षरांचें आहे. हा व्यवसाय १९७२ सालीं महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळाकडे गेला. काटोल, वरुड, मोर्शी या पट्ट्यांतील बागाईतदार आजही मुख्यतः ताज्या फळाच्या बाजारावर अवलंबून आहे, आणि याचें एक कारण फळाच्या अंगचेंच आहे. नागपुरी संत्र्याचा रस तापविला किंवा कांहीं वेळ ठेवला असतां लिमोनिन या द्रव्यामुळें कडवट होतो. परक्या फळासाठीं बसविलेली रीत येथें जशीच्या तशी उचलून चालणार नाहीं. आपल्या फळाचें दुखणें आपणच प्रयोगशाळेपुढें मांडलें पाहिजे. दुसरा कोणी तें आपल्यासाठीं मांडणार नाहीं.

पिशवींतील अन्न

डबा जड, गोल व कठीण. शिपायाच्या पाठीवर तो रुततो. म्हणून अमेरिकन सैन्याच्या नेटिक येथील प्रयोगशाळेनें खासगी कारखान्यांच्या साहाय्यानें १९५० नंतर एक लवचिक पिशवी सिद्ध करण्याचें काम हातीं घेतलें. या पिशवींत बाहेरून पॉलिएस्टर, मध्यें अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा व आंतून पॉलिप्रॉपिलीन असे थर असतात. पदार्थ भरून तोंड बंद केलें म्हणजे ती 'रिटॉर्ट' नांवाच्या पात्रांत वाफेच्या दाबाखालीं तापवितात. घरांतील प्रेशर कुकरचेंच तें मोठें रूप म्हणावें. पिशवी चपटी असल्यामुळें उष्णता मध्यापर्यंत लवकर पोंचते, आणि डब्यांतील पदार्थाप्रमाणें कडेचा भाग शिजून गाळ होत नाहीं. यामुळें चव व रंग अधिक टिकतात.

गंमत अशी कीं, सैन्यानें वाढविलेली ही कल्पना बाजारांत पहिल्यानें आणली ती जपानी व्यापाऱ्यानें. ओत्सुका कंपनीनें १९६८ सालीं 'बॉन करी' या नांवानें पिशवींतील रस्सा विकावयास काढला. अमेरिकन सरकारच्या अन्नविषयक खात्यांची संमति १९७७ च्या सुमारास मिळाली, तोंवर जपानांत हा पदार्थ घरोघर गेला होता. तेव्हां शोध कोणाचा यापेक्षां तो उचलण्यास तयार कोण, यालाच बाजारांत अधिक किंमत असते.

म्हैसूरची प्रयोगशाळा

भारतांत हें काम म्हैसूर येथील संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा करते. ती १९६१ च्या डिसेंबरांत स्थापन झाली. तिच्यापुढील अडचणी आमच्या सैन्याच्याच होत्या. समुद्रसपाटीपासून पांच हजार मीटर उंचीवर पाणी सुमारें ८३ अंश सेल्सिअसवरच उकळतें. त्या पाण्यांत डाळ तासन्‌तास ठेवली तरी नीट शिजत नाहीं, आणि सरपणही मिळत नाहीं. म्हणून आधींच शिजविलेलें, केवळ गरम करून किंवा तसेंच खातां येईल असें, आणि शिवाय भारतीय जिभेस रुचेल असें अन्न हवें होतें. पुलाव, भाजी, डाळ, हलवा यांच्या पिशव्या, दीर्घकाळ टिकणारी पोळी, झटपट करतां येणारे कोरडे पदार्थ, फळांच्या वड्या अशा अनेक वस्तूंच्या रीती तेथें बसविल्या गेल्या. शहाळ्याचें पाणी टिकवून पिशवींत व डब्यांत भरण्याची रीतही या प्रयोगशाळेनें नारळ विकास मंडळाच्या सहकार्यानें सिद्ध केली. कोंकण व गोव्यांतील नारळबागाईतदारांस ती विशेष जवळची वाटावी.

या रीती केवळ सैन्यापुरत्या राखून ठेविलेल्या नाहींत. संरक्षण संशोधन व विकास संघटना करार करून व शुल्क घेऊन त्या देशांतील कारखानदारांस देते. अशा करारांत सामान्यतः मक्तेदारी नसते. एकास दिलेली रीत दुसऱ्यासही मिळूं शकते. २०१९ सालीं संघटनेनें आपलीं सुमारें ४५० पेटंटें भारतीय उद्योगांस विनाशुल्क खुलीं केलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोव्यांत भरलेल्या उद्योगमेळाव्यांत १६ कंपन्यांशीं ३० परवान्यांचे करार झाले.

बंगळूरच्या एम. टी. आर. कंपनीनें तयार जेवणाच्या ज्या पिशव्या बाजारांत आणल्या, त्यांचें तंत्र म्हैसूरच्या याच प्रयोगशाळेंतून घेतलेलें होतें. स्थानिक खासगी उद्योगास लष्करी तंत्राचा लाभ झाल्याचें हें ठळक उदाहरण होय. पुढें २००७ सालीं ती कंपनी नॉर्वे देशांतील ऑर्क्ला या उद्योगसमूहानें विकत घेतली. यांत गैर असें कांहींच नाहीं. मालकास आपली वस्तु विकण्याचा अधिकार आहे. आम्ही एवढेंच दाखवूं इच्छितों कीं, तंत्र स्थानिक कारखान्यास दिलें म्हणजे त्याचा लाभ कायमचा स्थानिकच राहतो असें नाहीं. कारखान्याचे भाग ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं लाभ.

एक आक्षेप

लोकांच्या करांतून झालेला शोध खासगी माणसाच्या नफ्यासाठीं कां द्यावा, असें कोणी विचारतील. आक्षेप वजनदार आहे, परंतु त्याचें उत्तर शोध बंद ठेवण्यांत नाहीं. कपाटांत पडलेल्या शोधानें करदात्यास कांहींच परत मिळत नाहीं. आणि अन्न टिकविण्याची रीत ही तोफेची रीत नव्हे, कीं ती बाहेर गेल्यानें शत्रूचें बळ वाढावें. उलट, जो कारखाना एरव्हीं बाजारासाठीं पिशव्या भरतो, तोच प्रसंगीं सैन्यासाठींही भरूं शकतो. म्हणजे सैन्याचाही त्यांत स्वार्थ आहे. खरें उत्तर अटींत आहे. परवाना एकाच मोठ्या कंपनीस अडकवून ठेवूं नये, शुल्क लहान संस्थेस झेपेल असें असावें, आणि शिकवण स्थानिक भाषेंत मिळावी. या तीन गोष्टी पाळल्या, तर लोकांचा पैसा लोकांकडे परत येण्याचा मार्ग खुला राहतो.

परवाना घेण्यापूर्वीं

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं उत्पादक कंपन्या काढल्या आहेत. २००२ सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत ही सोय झाली. तींत सभासद उत्पादकच असतात व सामान्यतः प्रत्येकास एकच मत असतें. अशा कंपनीनें म्हैसूरचें दार ठोठावण्यापूर्वीं पुढील गोष्टींचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट फळाच्या आंबटपणाची. ज्या पदार्थाचा सामू ४.६ पेक्षां कमी आहे, उदाहरणार्थ आंबा, लिंबू, अननस, तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेनें टिकवितां येतो. त्याचें यंत्र साधें व स्वस्त. उसळ, भाजी, डाळ, मांस हे कमी आंबट पदार्थ. त्यांत बोट्युलिनम नांवाच्या जंतूचे बीजाणू वांचले, तर बंद पिशवींत तो जंतु वाढून प्राणघातक विष तयार करतो. त्यांचा नाश करण्यासाठीं १२१ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या आसपासची उष्णता पिशवीच्या मध्यापर्यंत ठरीव मिनिटें पोंचावी लागते. येथें अंदाजाचें काम नाहीं. रिटॉर्ट, बाष्पक, उष्णतेची नोंद ठेवणारें यंत्र व शिकलेला माणूस, यांपैकीं एकही कमी असेल तर या वाटेस जाऊं नये.

दुसरी गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. यंत्राचें व्याज वर्षभर चालतें. फळ मात्र दोन-तीन महिनेच असतें. संत्र्यास अंबिया व मृग असे दोन बहार आहेत, ही नागपूरकडील जमेची बाजू. आंब्याच्या कारखान्यानें पावसाळ्यानंतर काय करावें, हें आधीं ठरलें पाहिजे. पाणी व वीज यांचाही विचार याच हिशेबांत करावा.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. सैन्य हें ठराविक वजनाचें, ठराविक प्रतीचें व करारानें घेणारें गिऱ्हाईक आहे. त्याला वस्तु टिकाऊ हवी, जाहिरात नको. बाजारांतील गिऱ्हाईक चव, किंमत व नांव पाहतें. परवाना रीत देतो, गिऱ्हाईक देत नाहीं. म्हणून थोडा माल दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्यानें करून घ्यावा, तो चार शहरांत विकून पाहावा, आणि मगच स्वतःचें यंत्र मागवावें. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना निराळा लागतो, हेंही विसरूं नये.

आमची सूचना

मालकीचा कारखाना चालविणें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास नवें नाहीं. प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें ऊस पिकविणाऱ्यांनींच उभा केला, आणि १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. अलीकडे नाशिक जिल्ह्यांतील मोहाडी येथें सह्याद्री उत्पादक कंपनीनें फळप्रक्रियेंत तेंच करून दाखविलें आहे. उणीव धैर्याची नाहीं. प्रयोगशाळा व बाग यांमध्यें ये-जा नाहीं, ही आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे. प्रत्येक फळपट्ट्यांतील संघानें हंगामांत विकल्या जाणाऱ्या पेटीमागें अल्पशी रक्कम बाजूस काढावी व तिचा उपयोग एवढ्याच कामीं करावा: आपलें फळ, त्याच्या अडचणींचें लेखी टिपण व दोन शिकलेले तरुण म्हैसूरला पाठवावे; तेथील कोणती रीत आपल्या फळास लागू पडते तें पारखून घ्यावें; आणि पडत नसेल तर त्यावर काम व्हावें म्हणून शास्त्रज्ञांकडे पाठपुरावा करावा. रक्कम पेटीमागें क्षुल्लक वाटेल. हजारों पेट्यांमागें ती क्षुल्लक राहत नाहीं. आमच्या संघाच्या संत्रा व आंबा बागाईतदार सभासदांनीं हा विषय येत्या सर्वसाधारण सभेंत ठरावाच्या रूपानें मांडावा, अशी आमची विनंती आहे.